मागच्या होडीतला माणूस

भर पुरात मी पाण्यावरून चालत गेलो. उगाच अलंकारिक बोलत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या दोन पायांनी चालत गेलो. रंगमंचावर दोन बाकं म्हणजे दोन होड्या होत्या, मधे पसरलेली निळी ताडपत्री म्हणजे दुथडी भरून वाहणारी नदी होती आणि मी पुढच्या होडीतला नावाडी होतो. बुडत चाललेली मागची होडी एका दोराने माझ्या होडीला बांधलेली. मी तो दोर कोयत्याने कापायचा, "भावा, मला क्षमा कर!" असं ओरडायचं आणि पडदा पडेपर्यंत तोंड ओंजळीत धरून उभं राहायचं, एवढंच काम. त्याऐवजी मी कोयता बाकावर नीट ठेवला, ताडपत्रीवर उतरलो, चपलांचा फटफट आवाज करत मागच्या होडीपर्यंत गेलो, तिच्या खुंटीला अडकवलेला दोराचा फास दोन्ही हातांनी उचलून काढला आणि वर, जित्याची खोड, त्या दोराची वेटोळी घालायला लागलो. मागच्या होडीत माझा भाऊ म्हणून बुडत असलेला दिगंबर बुडायचंच विसरला. ओठ न हलवता म्हणाला, "मेल्या, तू माझ्या होडीत काय करतंस?"

मग जो हशा उठला तो मी जन्मात विसरणार नाही. आमच्या गावात प्रेक्षक म्हणजे निम्मे तांडेल आणि निम्मे खलाशी. त्यांना नदी, होडी, दोर यातलं काही शिकवायची सोय नव्हती. "अरे, पाण्यावरसून चलता तर तेका होडी व्हयी कित्याक?" असं कुणीतरी मागून ओरडलं. पडद्याच्या फटीतून सुमन, हातात पुस्तक घेऊन वाक्यं पुरवायला उभी केलेली आमच्या वर्गातली मुलगी, कळवळून सांगत होती, "काप! अरे, काप ना!" हीच सुमन पुढे माझी बायको झाली. त्या दिवसानंतरही तिने माझ्याशी लग्न केलं, यावरून तिच्या धैर्याची कल्पना यावी. पण त्या हशातून, बायका बसल्या होत्या त्या बाजूने, आणखी एक आवाज आला. तो कुणाचा होता आणि काय म्हणाला, हे कळायला आधी आमचं घर सांगायला हवं.

आमचं घर तारकर्लीला, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहिलं की एका कानाला समुद्र ऐकू यायचा आणि दुसऱ्या कानाला खाडीची शांतता. हो, शांतताही ऐकू यायची. माडांच्या झावळ्या थांबल्या की कळायचं. घरात आई, बाबा, मी, बाबांचे थोरले भाऊ अण्णा आणि त्या दोघांची बहीण शेवंतीआते. आते रोज पहाटे किनाऱ्यावरून मासळीची पाटी भरून घ्यायची आणि टेम्पोत चढून मालवणच्या बाजारात जायची. तिचा आवाज बाजारात तयार झालेला. ती घरात कुजबुजली तरी शेजारचं कुत्रं उठून बसायचं. दुपारी परत आली की पाटीच्या तळाला राखलेले बांगडे निघायचे आणि मग तिरफळं ठेचून घातलेलं तिखलं व्हायचं. आजही कुठे तिरफळाचा वास आला की मला पहिल्यांदा आतेचे ओले, खारट हात आठवतात आणि मग भूक लागते. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर, गणपतीत चवथीला काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि बारा महिने सोलकढी. गरिबी होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही. पोट इतकं भरलेलं असायचं की तो प्रश्न सुचला नाही.

घरात एकच गोष्ट चमत्कारिक होती. अण्णा आणि आते एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. उलट अण्णा किनाऱ्यावरून खेकडे किंवा काही चांगलं मिळालं तर आधी तिच्यासाठी काढून ठेवत आणि आते अण्णांच्या ताटात मोठी तुकडी वाढल्याशिवाय दुसऱ्याकडे वळत नसे. पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. "बाबल्या, आतेक सांग, कुर्ल्यो आणलेत." आते तीन हातांवर बसलेली असायची, तिने ऐकलेलं असायचं, तरी मी तिच्याकडे वळून सांगायचं, "आते, अण्णांनी कुर्ल्यो आणलेत." मग ती म्हणायची, "तेका सांग, बरा केलंस." अण्णांनी तेही ऐकलेलं असायचं. गावात पहिला एसटीडी बूथ आला तेव्हा सगळे बघायला गेले. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरात तो पाळण्यापासून चालू होता.

दुसरी एक गोष्ट मला तेव्हा चमत्कारिक वाटतच नव्हती, कारण मी तीच बघत वाढलो होतो. आमच्या घरात दोर कापत नसत. दोर, दोरी, सुतळी, काहीही. मिठाईच्या पुड्याचा दोरा असो की आकाशकंदिलाची दोरी असो, तिच्यावर पातं चालवायचं नाही. गाठ सोडायची, नखं तुटली तरी चालतील, आणि सुटलेला दोरा वेटोळं करून खुंटीला अडकवायचा. हा अण्णांचा नियम. एकदा मी घाईत पतंगाचा दोरा दातांनी तोडला तर अण्णा काही न बोलता उठून खाडीवर गेले आणि जेवायला आलेच नाहीत. आईने मला कोपऱ्यात घेऊन पाठीत धपाटा घातला. "तुका अक्कल नाय? दोर तोडतंस तेंच्या समोर?"

कारण गावाला माहीत होतं. मी रांगत होतो तेव्हाची गोष्ट. अण्णा त्या काळी नावाजलेले तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. एका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी वादळात दोन होड्या सापडल्या. पुढच्या होडीत सुकाणूला अण्णा आणि पुढे पाणी उपसायला बाबा. मागच्या होडीत एकटे आतोबा, म्हणजे शेवंतीआतेचा नवरा वासुदेव. त्यांचं इंजिन बंद पडलेलं, म्हणून अण्णांनी दोर लावून त्यांची होडी ओढायला घेतली होती. मागची होडी पाण्याने भरली, जड झाली, पुढचीलाही खाली ओढायला लागली. तेव्हा अण्णांनी दोर कापला. अण्णा आणि बाबा घरी आले. आतोबांची होडी दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे भोगव्याच्या बाजूला उलटी सापडली. आतोबा सापडले नाहीत. अण्णांनीच किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या सांगितलं होतं, "मियां दोर कापलंय." गावातले काही म्हणत, तांडेल असावा तर असा, धाकट्या भावाचा जीव वाचवला. काही म्हणत, सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलं. अण्णा दोन्हीला उत्तर देत नसत. ते परत होडीवर चढले नाहीत. ठरत आलेलं लग्न त्यांनी मोडून टाकलं. मागच्या पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी विणत राहिले. आणि त्या पडवीच्या वाशाला, त्यांच्या डोक्यावर, एका दोराची वेटोळी टांगलेली होती. तोच तो दोर. त्याला कुणी हात लावत नसे.

आता शाळा. त्या वर्षी आम्हाला मराठीला एका नावाड्याचा धडा होता. पूर आलेला, नावाड्याच्या होडीत माणसं, मागे दोराने बांधलेली भावाची होडी, ती बुडायला लागते, नावाडी दोर कापतो, माणसं वाचतात आणि तो पुढे आयुष्यभर घाटावर बसून राहतो. धड्याखाली प्रश्न होता: नावाड्याचे धैर्य, त्याची अपराधी भावना आणि त्याचा त्याग यांविषयी तुमच्या शब्दांत लिहा. आम्ही सगळ्यांनी ते गाइडच्या शब्दांत पाठ केलं. नावाड्याचे धैर्य हिमालयासारखे अढळ होते. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या आमच्या वर्गात हिमालय कुणी पाहिला नव्हता, पण पाचपैकी साडेतीन गुण त्यालाच होते. मराठीचे सर साताऱ्याकडचे, नवे, हौशी आणि मनाने फार चांगले. त्यांनी धड्याचं नाटक करायचं ठरवलं आणि नावाडी म्हणून माझ्यावर बोट ठेवलं. "तू होडीवाल्यांच्या घरातला. तुला जमेल." वर्गात एकदम शांतता झाली. सरांना वाटलं, मुलांना निवड पटली.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला मुख्य भूमिका मिळाली की त्याला घरचं काही आठवत नाही. मिशी कसली लावायची हे आठवतं. घरी मी सांगितलं, नाटकात मी उतारू आहे, गर्दीतला. आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी विहिरीमागे जाऊन, कोयत्याच्या जागी माडाची पिढी, म्हणजे झावळीचा जाड देठ, घेऊन, "भावा, मला क्षमा कर!" घोकत होतो. एकदा वळलो तर मागे शेवंतीआते कळशी घेऊन उभी.

"कोणाक क्षमा मागतंस?"

"कोणाक नाय. नाटक आसा."

"सगळा सांग."

आतेला खोटं सांगायची कुणाची टाप नव्हती. बाजारात तिला शिळा मासा ताजा म्हणून कुणी दाखवला नव्हता, तर मी काय. मी धडा सांगितला. नावाडी, पूर, दोर, कोयता, घाटावर बसून राहणं. ती कळशी काखेत घेऊन ऐकत राहिली. पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

"आणि मागच्या होडीतलो?" तिने विचारलं.

"तो बुडता."

"ता माका कळला. तो काय म्हणता?"

मी आठवून पाहिलं. "काय नाय. तेका वाक्य नाय."

"बरो धडो आसा," ती म्हणाली. "बुडता तो, आणि वाक्य नाय तेकाच." आणि निघून गेली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सरांनी फर्मान काढलं की सुतळी लांबून दिसत नाही, खरा दोर आणा. मी घरी भीत भीत दोर मागितला. आई म्हणाली, दोरबीर काही मिळायचा नाही, आणि हे नाटक करायचंच कशाला, सरांना सांग पोट दुखतं. आते चुलीपुढे बसली होती. ती उठली, मागच्या पडवीत गेली आणि काठीने वाशावरची ती वेटोळी खाली काढली. अण्णा तेव्हा किनाऱ्यावर गेलेले. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "वन्सं, ह्या काय करतात? तेंका कळला तर?" आतेने दोरावरची धूळ पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. "ह्यो ने. फासो मागच्या होडीक घाल, नि दुसरा टोक तुझ्या होडीक बांध. इसरा नको." मग म्हणाली, "आणि अण्णाक सांग, उद्या बाबल्याचा नाटक आसा. मी जातंय. तेना पण येवक व्हया."

माझ्या सगळ्या टेलिफोनच्या नोकरीत मासे आणि भात सोडून आलेला हा पहिला निरोप. मी तो अण्णांना सांगितला. अण्णांनी जाळ्यातून मान वर केली. "तिना सांगल्यान?" "होय." "मगे येतंय," ते म्हणाले. नाटक कसलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्या रात्री माझं खरंच पोट दुखलं.

संमेलन दुपारचं. संध्याकाळी वीज असेल याची खात्री नसायची. पडदा उघडला आणि मी पहिल्यांदा पुरुषांच्या बाजूला पाहिलं. तिसऱ्या ओळीत कडेला अण्णा, इस्त्रीच्या शर्टात. ते माझ्याकडे बघत नव्हते, दोराकडे बघत होते. त्यांच्या शेजारी बाबा खाली मान घालून. माझी वाक्यं मी कशी म्हटली ते मला आठवत नाही. सुमन म्हणते की बरीचशी तिनेच म्हटली. शेवटी कोयता उचलायची वेळ आली. मी उचलला. आणि हात तिथेच राहिला. माझ्या मनात त्यागबिग काही नव्हतं हे प्रामाणिकपणे सांगतो. पातं दोराला लागलं तर अण्णा उठून खाडीवर जातील, एवढंच होतं. "काप! काप ना!" पडद्यातून येत होतं. माझ्या टोकाची गाठ दिगंबरने अशी आवळलेली की नखं लागेनात. मग ज्या घरात पुड्याचा दोरासुद्धा सोडायचा असतो त्या घरातल्या मुलाचे हात जे करतील ते त्यांनी केलं. सुटणारं टोक कुठे आहे ते बघितलं आणि पाय तिकडे निघाले. पुढचं मी आधीच सांगितलं आहे.

मी फास खुंटीवरून उचलला आणि हशा पिकलेला असताना बायकांच्या बाजूला शेवंतीआते उभी राहिली. आणि बाजारातल्या त्या आवाजात, छप्पर हलेल असं, म्हणाली:

"तसोच! तेना पण तसोच सोडल्यान!"

हशा कापून टाकल्यासारखा थांबला. मी दोर हातात घेऊन उभा. आणि तेव्हा, इतका वेळ तो हाताळूनही, मला पहिल्यांदा दिसलं: माझ्या हातात अख्खा फास होता. विणून घट्ट केलेला, गोल, कुठेही पात्याची खूण नसलेला. कापलेल्या दोराला हे टोक राहिलंच नसतं. ते आतोबांबरोबर गेलं असतं. तिसऱ्या ओळीत अण्णा उठले आणि बाहेर गेले. आते बायकांच्या ओळीतून वाट काढत त्यांच्या मागे. सर म्हणाले, "पडदा!" आणि पडदा अडकला. मी मिशीसकट उडी मारून त्यांच्यामागे धावलो. दोर खांद्यावर तसाच होता.

दोघं सुरूच्या झाडांखाली सापडली, समुद्राच्या बाजूला. अण्णा झाडाला हात लावून उभे होते. आते थोडी दूर. मी सवयीने दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो, निरोप्या. पण अण्णांनी माझ्यावरून पलीकडे पाहिलं.

"शेवंते, तुका कोणी सांगल्यान?"

माझ्या जन्मात मी अण्णांच्या तोंडून तिचं नाव प्रथम ऐकलं.

"कोण सांगतलो? घरातच टांगलेलो होतो मा," आते म्हणाली. "चवथीची जळमटा काढताना खाली काढलंय. फासो बघलंय. तेच्या हातचो फासो. माझ्याच खळ्यात बसान इणलेलो. कापललो दोर असो असता काय रे?"

"कधी बघलंस?"

"त्याच वर्सा."

"त्याच वर्सा?" अण्णांचा आवाज चिरकला. "आणि इतकी वर्सा गप रवलंस?"

"तू गप रवलंस म्हणान मी गप रवलंय. माका वाटला, तुका बोलूचा नाय. आज बोलात, उद्या बोलात. तू बोलणंसच नाय. मगे ह्या चेड्याच्या नाटकात दोर कापतत म्हणान आयकलंय, तेव्हा म्हटला, आता पुरो झाला. पोरांका पुस्तकात पण खोटाच शिकवतले."

"मियां कित्याक सांगूक नाय, ता तुका म्हायत आसा?"

"आसा. तेना आपणान सोडल्यान असा कळला तर माका वाटात, माका टाकून गेलो. म्हणान तू आपल्या माथ्यार घेतलंस." आते एक पाऊल पुढे आली. "अरे येड्या, तो माका टाकून गेलो नाय. तुमका दोघांक घराक धाडल्यान."

अण्णा खाली बसले. वाळूतच, इस्त्रीच्या कपड्यांत. मग बोलायला लागले ते समुद्राकडे बघून. "कोयतो हातात होतो. बाबल्याच्या बापाशीन फुडे पाणी उपसूक घेतलेल्यान, तेका काय दिसाक नाय. माका कळत होता, कापूक व्हया. हात उठाक नाय. तांडेल म्हणतत माका! तेना ता बघल्यान. लाट इली, दोर ढिलो पडलो, तसो वाकलो नि फासो काढल्यान. माझ्याकडे बघून हसलो."

"हसलो?" आते म्हणाली.

"हसलो. हातान असा केल्यान, जा म्हणान."

"दात दिसले?"

"दिसले."

"पानान रंगलेले?"

"रंगलेले. तेच्या तोंडात तेव्हा पण पान होता."

आते त्यांच्याजवळ वाळूत बसली आणि हसायला लागली. पदराने डोळे पुसत, मोठमोठ्याने, किनाऱ्यावरची माणसं वळून बघतील अशी. "वादळात पण पान! आवशीन सांगलेला, ह्यो माणूस मरताना पण पान खायत!" अण्णाही हसले. रडत होते की हसत होते हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही, आणि आता ठरवायची गरज वाटत नाही. आतोबांचं शेवटचं तोंड तिला इतक्या वर्षांनी बघायला मिळालं होतं. अण्णांनी ते एकट्याने जपून ठेवलेलं. ते तिचं आहे हे सांगायला त्यांना जागा सापडत नव्हती, एवढंच.

घरी आईने बांगडे तळले होते. घाबरली की ती मासे तळायची. बाबा पाटावर बसले आणि भात कालवायला लागले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्सा अण्णाच्या पाया पडतंय ता अर्धा भावजींचा होता." अण्णा म्हणाले, "सगळाच तेचा होता." आते म्हणाली, "आता जेवा, निवता." मग तिने तवा उचलला आणि थेट, माझ्याकडे न बघता, विचारलं, "अण्णा, आणखी एक घालू?" "घाल," अण्णा म्हणाले. माझी नोकरी गेली ती अशी, एका बांगड्यावर. मला इतकं हलकं वाटलं की मी चार खाल्ले.

पुढच्या आठवड्यात अण्णा बाबांबरोबर होडीवर गेले. सुकाणू आधी बाबांनीच धरलं, मग कधीतरी ते आपोआप अण्णांच्या हातात गेलं. तो दोर परत वाशावर टांगला गेला नाही. तो होडीवर गेला, रोजच्या कामाला लागला, उन्हापाण्यात विरला आणि दोन-तीन हंगामांत संपला, दोरांनी संपावं तसा. आतेने त्याचा फास तरी राखला असेल ना, असं मला लोक विचारतात. नाही राखला. तिला कशाला हवा? पर्यटक यायला लागल्यावर तिने खळ्यात जेवणाच्या थाळ्या सुरू केल्या. पान खाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सोलकढी दुसऱ्यांदा न मागता वाढायची.

शाळेत सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांना तोवर कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ते फार ओशाळले होते. मी म्हटलं, सर, उलट बरं झालं. मग त्यांनी धडा पुन्हा उघडला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "खरंच रे. या मागच्या माणसाला लेखकाने एक शब्दही दिलेला नाही. त्याने काय केलं, काय बघितलं, कुणी विचारलंच नाही." पुढच्या तासाला त्यांनी वर्गाला तेवढंच लिहायला सांगितलं. दिगंबरने पानभर लिहिलं. तो म्हणाला, मी स्वतः तिथे होतो. मी बोर्डाच्या परीक्षेला मात्र नावाड्याचं धैर्य हिमालयासारखं अढळ होतं असंच लिहिलं. धैर्याचा प्रश्न होता तो, आणि माझ्यात ते नव्हतं.

हे प्रकरण मी परवा संध्याकाळी सुमनला वाचून दाखवलं. ती घाटाकडच्या बाजूच्या शेतकरी घरातली, मावशीकडे राहून आमच्या शाळेत शिकलेली. चारचौघांत मला 'अहो' म्हणते, घरात शाळेतलंच चालू आहे. ती काजू फोडत शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "बरा लिवलंस. पण एक ऱ्हवला. संमेलनाच्या दिवशी सकाळी आते माझ्याकडे इलेली. म्हणाली, 'चेडवा, तू पडद्याफाटी उभी रवान काप काप म्हणतलंस मा? म्हण, घसो सुकासर म्हण. आमच्या घरातलो तो, कापूचो नाय. फासो सुटलो काय मात्र तू गप रव. मगे माका बोलूचा आसा.'"

मी कागद खाली ठेवले. म्हणजे ज्या चुकीवर मी आजवर इतक्या मैफली जिंकल्या, ती चूकसुद्धा आतेने आधीच धरून ठेवलेली होती. मी म्हटलं, "आणि ह्या तू माका इतकी वर्सा सांगूक नाय?"

"कसा सांगतलंय?" सुमन म्हणाली. "जन्मात तुझा एकच काम गाजला. ता पण तुझा नाय, असा माझ्या तोंडान सांगू?"